आधी जमिनीचं ऐका

मंडळी, मेटल डिटेक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मॉलच्या दारातली ती चौकट, नाहीतर विमानतळावर आपल्या पोटापाठीवरून फिरणारी काळी काठी. पण या यंत्राचा एक थोरला भाऊ आहे. लांब दांडा, टोकाला ताटाएवढी गोल कॉईल आणि कानाला हेडफोन. तो जमिनीवरून फिरवतात. आज मी या थोरल्या भावाबद्दल, आणि त्यातही त्याच्या एकाच बटणाबद्दल लिहिणार आहे. त्या बटणाचं नाव ग्राउंड बॅलन्स.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. हे बटण ज्याला स्वतःच्या हाताने लावता येत नाही, त्याने ते यंत्रावर सोपवू नये. आधी शिकावं, मग खुशाल सोपवावं.

तुम्ही म्हणाल, बाईंनी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, आता सत्तरी उलटल्यावर हे काय खूळ? सांगते. माझी लेक आणि जावई ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या बेंडिगोला असतात. १८५१ साली तिथे सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावली. ती गर्दी केव्हाच ओसरली, पण माती तीच आहे. तिथे 'मायनर्स राइट' नावाचा परवाना मिळतो. तो काढला की ठरावीक सरकारी जमिनीवर हाताच्या अवजारांनी सोनं शोधता येतं. या परवान्यालाही इतिहास आहे बरं का. १८५४ साली बॅलरॅटला जाचक परवाना-शुल्काविरुद्ध खाणकामगारांनी युरेका स्टॉकेडचा उठाव केला, त्यानंतर १८५५ मध्ये हा नवा, स्वस्त परवाना आला. जावईबापूंना हा नाद आहे. मी तिकडे मुक्कामाला असले की त्यांच्याबरोबर घडीची खुर्ची घेऊन जाते आणि झाडाखाली बसते. बसल्या बसल्या कान उघडे ठेवायची सवय मास्तरकीतून आलेली, ती काही सुटत नाही.

त्या भागात सोनं किती वर असू शकतं बघा. १८६९ साली मोलियागुलला जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना 'वेलकम स्ट्रेंजर' हा जगप्रसिद्ध गोळा मिळाला, तो जमिनीखाली जेमतेम दोन बोटं होता. त्यातून सत्तर किलोंहून जास्त सोनं निघालं. आणि १९८० साली किंगोवरला केव्हिन हिलियर यांना मेटल डिटेक्टरने 'हँड ऑफ फेथ' हा २७ किलोंचा गोळा सापडला, तोही सुमारे फूटभर खोलीवर. सव्वाशे वर्षं माणसं त्या परिसरात खणत होती, आणि तो तिथेच होता! पण असे गोळे कोणाच्या नशिबी? बाकीच्यांच्या वाट्याला हरभऱ्याच्या डाळीएवढा कण येतो, आणि तोही जमीन सहजासहजी देत नाही.

का देत नाही, ते आता बघू. मी विज्ञानाची बाई नव्हे, तेव्हा मला कळलं तसं साध्या भाषेत मांडते. यंत्राच्या कॉईलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. धातू भेटला की त्यात विजेचे छोटे भोवरे फिरू लागतात. त्या भोवऱ्यांचंही स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं, ते परत कॉईलकडे येतं आणि यंत्र बोलतं. हे झालं सोपं. पण जमीनही गप्प नसते ना! तुम्ही लहानपणी वाळूत लोहचुंबक फिरवलं असेल. त्याला काळा काळा कीस चिकटायचा. तो बहुतेक मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं चुंबकीय खनिज. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात ते मुरलेलं आहे. व्हिक्टोरियाच्या लाल मातीत लोहाचे दगड जागोजाग. शिवाय तिथे वणवे लागतात, आणि त्या उष्णतेने मातीतल्या काही लोहखनिजांचं जास्त चुंबकीय खनिजात रूपांतर होतं. ही सगळी मंडळी यंत्राला प्रत्युत्तर देतात. आणि त्यांचं उत्तर त्या डाळीएवढ्या सोन्याच्या उत्तरापेक्षा कितीतरी मोठं असतं. चाळीस पोरं एकदम 'बाई, बाई' करत असताना शेवटच्या बाकावरची एखादी भित्री मुलगी हळूच काहीतरी बोलते, तसं त्या सोन्याचं होतं.

मग यंत्राने तिला ऐकायचं कसं? इथे ग्राउंड बॅलन्स येतो. जमिनीचं उत्तर आणि धातूचं उत्तर यांत एक फरक असतो. चुंबकीय खनिजं जवळजवळ लगेच, पाठवलेल्या लहरीबरोबरच उत्तर देतात. धातूतले भोवरे जरा रेंगाळून देतात. या पुढेमागे होण्याला तंत्रज्ञ फेज म्हणतात. ग्राउंड बॅलन्स लावणं म्हणजे यंत्राला सांगणं की बाबा रे, या वेळेला येणारं उत्तर ही इथल्या जमिनीची बोली आहे, ती शून्य धर. तिच्याहून वेगळं काही आलं तरच मला हाक मार. लक्षात घ्या, यात जमिनीला गप्प केलेलं नाही. तिची बोली ओळखून बाजूला ठेवली आहे. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि माझा सगळा मुद्दा त्या फरकातच आहे.

हाताने बॅलन्स लावायची रीत जावयांनी मला दाखवली, ती अशी. आधी खाली धातू नाही अशी हातभर स्वच्छ जागा शोधायची. कॉईल आजूबाजूला फिरवून खात्री करायची, कारण खाली एखादा खिळा असेल तर आपण त्या खिळ्यालाच जमीन समजून बसू. मग कानात अगदी बारीक गुणगुण राहील इतका आवाज ठेवायचा. कॉईल जमिनीशी समांतर धरायची आणि बोटभर उंचीपासून फूटभर उंचीपर्यंत वरखाली करायची, उखळात मुसळ हलवावं तशी, फक्त जमिनीला न टेकवता. ती गुणगुण खाली नेताना वाढते की वर आणताना वाढते, ते ऐकायचं. त्याप्रमाणे आकडा एका बाजूला सरकवायचा. कोणत्या बाजूला, ते यंत्रागणिक बदलतं, म्हणून आपल्या यंत्राची पुस्तिका बघायची. पुन्हा वरखाली करायचं. कॉईल वर असो की खाली, गुणगुण सारखीच राहिली की जमीन जुळली. पुष्कळ यंत्रांत मोठा आकडा म्हणजे चुंबकीय खनिजांची माती आणि अगदी लहान आकडा म्हणजे समुद्रकाठची ओली खारी वाळू, कारण खारं पाणी वीज वाहून नेतं आणि त्याची बोलीच निराळी. जमीन बदलली, उतार सोडून ओढ्यात उतरलो, की पुन्हा पहिल्यापासून.

सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. आणि नेमकी हीच दोन मिनिटं माणसं वाचवायला बघतात! जावयांचा एक दोस्त मी बघितला. यंत्र नवं कोरं, महागाचं. जमीन ओरडायला लागली की हा पहिलं काय करायचा, तर सेन्सिटिव्हिटी कमी. ओरडणं थांबलं की चेहरा प्रसन्न. पण ओरडणं थांबलं तशी खोलवर ऐकायची ताकदही गेली, त्याचं काय? वर्गात गोंगाट होतो म्हणून कानात कापूस घालणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्या वर्गात शांतता असते, पण ती त्यांच्या कानांपुरती. अतिशय तापट जमिनीत, सगळं नीट जुळवूनही गोंगाट उरला, तर सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवावी लागते हे खरं. पण तो दुसरा उपाय. पहिला नव्हे.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. आजच्या यंत्रांत 'ट्रॅकिंग' नावाची सोय असते. तुम्ही चालत राहा, यंत्र दर क्षणाला जमीन ऐकून स्वतःच बॅलन्स बदलत राहील. ऐकायला किती छान! आणि जिथे दर चार पावलांवर माती बदलते तिथे ती खरोखर उपयोगी आहे. तिथे दर चार पावलांना थांबून मुसळ हलवत बसलं तर दिवस त्यातच जाईल. जावई याच बाजूने भांडतात. "आई, तुमचं म्हणणं सपाट माळाला ठीक आहे, पण इथे दगडागणिक जमीन वेगळी आहे." त्यांचं म्हणणं मी मान्य करते. सोन्यासाठी वापरतात त्या पल्स इंडक्शन यंत्रांची जमीन जुळवण्याची पद्धत तर आणखी निराळी आहे, आणि तिथे यंत्राची मदत घेण्यावाचून फारसं गत्यंतर नाही, हेही मान्य.

पण ट्रॅकिंगची एक खोड आहे, आणि ती नवख्याला कोणी मुद्दाम सांगत नाही. एका जागी बारीकशी कुजबुज ऐकू आली की माणूस काय करतो? खात्री करायला कॉईल त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरवतो. एकदा, दोनदा, दहादा. इकडे यंत्र काय करतं? ते जुळवून घेण्यात तरबेज. त्याला वाटतं, अच्छा, हा आवाज इथे सारखाच येतोय, म्हणजे ही इथली जमीनच दिसते. आणि ते हळूहळू त्या कुजबुजीलाच शून्य धरायला लागतं. आवाज बारीक होत जातो, मग विरतो. माणूस म्हणतो, 'हं, काही नव्हतं', आणि पुढे जातो. सोनं जिथल्या तिथे. म्हणून जाणती माणसं संशयास्पद आवाज आला की आधी ट्रॅकिंग थांबवतात, बॅलन्स आहे त्या आकड्यावर कुलूपबंद करतात आणि मगच ती जागा तपासतात. पण हे सुचणार कोणाला? ज्याने कधीतरी हाताने बॅलन्स लावला आहे, त्यालाच. ज्याला 'शून्य' हे कोणीतरी ठरवलेलं असतं हेच माहीत नाही, त्याला ते सरकतंय हे कसं कळणार?

मंडळी, हे ऐकलं तेव्हा मी खुर्चीत जरा सावरून बसले. प्रत्येक गोष्टीशी जुळवून घेणं हा आपल्याकडे मोठा गुण मानतात. मुलींना तर तो बाळकडूसारखा पाजतात. पण सारखं सारखं जुळवून घेत राहिलं की एक दिवस जे वेगळं म्हणून टोचायला हवं तेही सवयीचं होऊन जातं. सासरी, कचेरीत, गावात, देशात. पहिल्यांदा खटकतं, दहाव्यांदा ऐकूही येत नाही. कधीतरी आपला आकडा कुलूपबंद करून ती जागा पुन्हा तपासायला हवी. असो. विषय निघाला म्हणून बोलले.

जमीन न जुळवता शोधायला गेलं की काय होतं, याचा एक ठसठशीत दाखला इतिहासात आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ते जगले, पण गोळी शरीरात राहिली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं 'इंडक्शन बॅलन्स' हे यंत्र घेऊन धावले. आजच्या मेटल डिटेक्टरचाच तो पूर्वज. यंत्र तत्त्वाने बरोबर होतं, तरी अध्यक्षांजवळ नेलं की नीट उत्तर देईना. एक तर त्यांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, त्या यंत्राच्या कानात बोलत होत्या. आणि दुसरं म्हणजे, मुख्य डॉक्टरांना खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून शोध त्याच बाजूला झाला. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे मिळाली. हे यंत्र हरल्याची गोष्ट आहे असं मला वाटत नाही. खालची 'जमीन' कोणती आहे ते न बघता, आणि उत्तर काय यायचं ते मनात आधीच ठरवून, शोध घेतल्याची ही गोष्ट आहे.

आणि हे काही सोन्यानाण्याचंच प्रकरण नाही. जोझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हातात धरून फिरवायचा सुरुंगशोधक तयार केला. १९४२ साली अल् अलामेनच्या लढाईत तो वाळवंटात वापरला गेला. त्याने त्याचं पेटंट घेतलं नाही, यंत्र सैन्याला देऊन टाकलं. आजही कंबोडियासारख्या देशात माणसं इंच इंच जमीन तपासत सुरुंग काढतात. तिथली कितीतरी जमीन आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखी लाल, लोहाने भरलेली. सुरुंग बरेचदा प्लास्टिकचे, धातू असला तर चिमूटभर. तिथे जमीन नीट जुळवली नाही तर एक तर यंत्र पावलोपावली खोटं ओरडणार, नाहीतर खरं असेल तिथे गप्प बसणार. म्हणून ती माणसं कामाला लागण्याआधी यंत्र तिथल्या मातीशी जुळवतात, नमुन्याच्या तुकड्यावर तपासतात आणि मगच पाऊल टाकतात. 'कंटाळा आला, यंत्र बघून घेईल' असं म्हणायची त्यांना मुभा नाही. जे काम जिवावर बेतू शकतं तिथे माणूस जी शिस्त पाळतो, तीच त्या कामाची खरी रीत, असं माझं साधं गणित आहे. हौसेच्या माणसाने त्यातली दोन मिनिटं तरी उसनी घ्यावीत.

आता थोडं आपल्याकडचं. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला, आणि मार्चमध्ये मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडच्या पायथ्याशी रात्री माणसं टॉर्च, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणू लागली. मुघलांची सोन्याची नाणी पुरली आहेत म्हणे. त्या बातम्या आणि चित्रफिती तुम्हीही पाहिल्या असतील. इतिहासाच्या शिक्षिकेला ते बघून काय वाटलं असेल! लोकांच्या गरिबीला मी हसत नाही. पण नाणं एकदा असं उपटून काढलं, की ते कोणत्या थरात होतं, त्याच्या शेजारी काय होतं, हे सगळं कायमचं पुसलं जातं. उरतो तो धातूचा तुकडा, इतिहास नव्हे. आपल्याकडे १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित स्मारकांच्या जागी परवानगीशिवाय खणायला तर मनाईच आहे. तेव्हा हे वाचून कोणी यंत्र घेऊन गडावर जाऊ नये, ही हात जोडून विनंती. बेंडिगोलाही वाटेल तिथे खणता येत नाही, आणि खणलेला खड्डा बुजवूनच निघायचं असतं. जमिनीचं ऐकायचं म्हणजे हेही ऐकायचं.

'यंत्र आपोआप करतं' म्हणून विकणाऱ्यांवर माझा राग नाही. गुणाकार यंत्र करतंच की. पण आम्ही पोरांना आधी पाढे पाठ करायला लावायचो. कॅल्क्युलेटर हातात आल्यावर चुकीची कळ दाबली गेली तर उत्तर बघूनच 'हे एवढं कसं?' असं खटकावं, यासाठी पाढे. हाताने लावलेला ग्राउंड बॅलन्स हा या नादाचा पाढा आहे. तो पाठ झाला की ट्रॅकिंग वापरा, आणखी काही नवं निघेल तेही वापरा. कारण मग ते चुकलं तर तुमचा कान तुम्हाला सांगेल.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाची मुलं, जावई, सुना परदेशात असतील आणि असलं यंत्र घ्यायच्या विचारात असतील, तर त्यांना एवढंच सांगा. पहिल्या दिवशी काही शोधायला जाऊच नका. घरामागच्या मातीत, मग ओढ्याकाठी, मग लाल उतारावर, अशा चार-पाच ठिकाणी नुसता बॅलन्स लावून बघा आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा वहीत लिहा. एक शिशाचा बारीक तुकडा पुरा आणि ट्रॅकिंग चालू ठेवून त्यावरून वीस वेळा कॉईल फिरवा. आवाजाचं काय होतं ते ऐका. मग बॅलन्स कुलूपबंद करून पुन्हा फिरवा. हा एक तास कोणत्याही पुस्तिकेपेक्षा जास्त शिकवेल.

आमच्या जावईबापूंना अजून तरी डाळीपेक्षा मोठं काही मिळालेलं नाही. पण त्यांची वही भरत आली आहे, आणि मला विचाराल तर त्या वहीला किंमत आहे. कुठल्या उताराची माती काय बोलते, हे त्यांना आता यंत्र न लावताही रंगावरून बरंचसं सांगता येतं.

तुम्हाला पटतंय का बघा. नाही पटलं तर तसंही सांगा. आम्ही शिक्षक मंडळी गोंगाटाला घाबरत नाही.